पाठाकडून परिपाठाकडे : एक प्रस्तावना

लूकच्या साक्षीप्रमाणे येशूने आपल्या जाहीर कार्यास आरंभ केला तेव्हा त्याचे वय सुमारे तीस वर्षांचे होते. त्याआधीची बहुतेक वर्षे, बाराव्या वर्षी यरुशलेमेच्या मंदिरात घडलेला एक प्रसंग सोडला तर, गालीलातील नासरेथ नावाच्या उपेक्षित गावी सुताराच्या घरात आणि सुताराच्या कामात गेली, आणि त्या वर्षांविषयी चारही शुभवर्तमानकार जवळजवळ मौन पाळतात. भाविक मन या मौनाने नेहमीच अस्वस्थ झाले आहे. ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी पुढील शतकांत बाललीलांच्या कितीतरी कथा रचल्या गेल्या, आणि मंडळीने त्यांना आपल्या प्रमाणग्रंथांत स्थान दिले नाही हे योग्यच झाले. मला मात्र वाटते की ती वर्षे हरवलेली नाहीत, ती दृष्टांतांत उतरली आहेत. वाटेवर सांडलेले बी, पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी पेटवलेला दिवा, बुरूज बांधण्यापूर्वी बसून केलेला खर्चाचा अंदाज, न्यायाधीशाच्या दारी खेटे घालणारी विधवा, धन्यास हिशेब देण्याची पाळी आलेला कारभारी, दिवस मावळताना मजुरीसाठी उभे राहिलेले रोजंदार : मंदिर आणि वेदी यांच्यापेक्षा शेत, बाजार, स्वयंपाकघर आणि कचेरी यांचाच वावर या शिकवणीत अधिक आहे, आणि ज्याने स्वतः श्रमाचा मोबदला घेतला आहे अशा मनुष्याचा आवाज तीत पदोपदी ऐकू येतो.

प्रस्तुत पाठमाला घरगुती उपासनेसाठी आणि मंडळ्यांतील अभ्यासवर्गांसाठी तयार झाली असून, येशूविषयीचे बायबलमधील पाठ नित्याच्या ख्रिस्ती जीवनास कसे लावावेत हा तिचा विषय आहे. विषय नवा नाही, आणि अशा पुस्तकांचा एक साचाही आता ठरून गेला आहे : वर उतारा, उताऱ्याखाली बोध, बोधाखाली प्रार्थना. या साच्याविषयी माझी तक्रार एवढीच की त्यातील बोध नेहमी अशा एका मनुष्याला उद्देशून केलेला असतो, की ज्याला ना शेत, ना नोकरी, ना जात, ना सासर, ना कुणाचे देणे, ना कुणाकडून येणे. क्षमा करावी, नम्र असावे, हात सैल सोडून द्यावे, ही वाक्ये सावकारालाही तीच आणि कर्जदारालाही तीच. घरच्या मालकिणीलाही तीच आणि तिच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही तीच. येशू असे बोलत नसे. आपल्यासमोरचा मनुष्य कोणत्या हुद्द्यावर आहे, त्याच्या गाठीस किती आहे आणि त्याच्या हाताखाली किती जण राबत आहेत, याची दखल घेतल्यावाचून त्याने क्वचितच कुणाला काही आज्ञा केली असेल. एका धनवानाला त्याने सर्वस्व विकावयास सांगितले. जक्कयाने अर्धी मालमत्ता देऊ केली तेव्हा उरलेल्या अर्ध्याविषयी अवाक्षर काढले नाही. आणि बेथानीस एका स्त्रीने बहुमोल सुगंधी तेल त्याच्यावर ओतले तेव्हा गोरगरिबांच्या नावाने तिला बोल लावणाऱ्यांनाच त्याने गप्प केले. तेव्हा पाठ लावण्याचा प्रश्न हा माझ्या मते सर्वप्रथम जागेचा प्रश्न आहे. या कथेत मी कोण, हे ठरल्यावाचून तिचा बोध काढण्यास जो निघाला, तो बहुधा दुसऱ्याचा बोध आपल्या नावावर, किंवा याहून वाईट म्हणजे आपला बोध दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळा होतो.

अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातील टोपेका या शहरी चार्ल्स शेल्डन नावाच्या काँग्रिगेशनल पाळकाने 1896 साली, 'त्याच्या पावलांवर' असा ज्याच्या नावाचा अर्थ होईल अशी एक कादंबरी लिहून आपल्या मंडळीस रविवारच्या सायंकाळी प्रकरणशः वाचून दाखविली. माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केले असते, हा प्रश्न स्वतःस विचारल्यावाचून वर्षभर कोणतीही गोष्ट करावयाची नाही, अशी शपथ तिच्यातील काही माणसे घेतात. ती कादंबरी जगभर पसरली, आणि तिच्यातील प्रश्न तर ख्रिस्ती जगतात आता म्हणीसारखा झाला आहे. वाङ्मय म्हणून ती फारशी श्रेष्ठ नाही. परंतु तिच्या कर्त्याला एक गोष्ट अचूक उमगली होती. त्याने शपथ घ्यावयास लावली ती वृत्तपत्राच्या संपादकाला, रेल्वेच्या अधिकाऱ्याला, व्यापाऱ्याला, गायिकेला; आणि प्रत्येकाची परीक्षा त्याच्या त्याच्या धंद्यातच झाली. रेल्वेच्या अधिकाऱ्याला आपली कंपनी कायदा मोडीत असल्याचे कागद हाती लागतात आणि तेवढ्यावरून त्याला राजीनामा द्यावा लागतो. पुढे मात्र तो प्रश्न लोकप्रिय होत गेला तसतसे त्यातील 'माझ्या जागी' हे दोन शब्द गळून पडले, आणि ज्याला त्याला आपल्या मनाजोगता येशू कल्पून त्याच्याकडून आपल्या मनाजोगते उत्तर मिळविण्याची सोय झाली. येशूने काय केले असते हे विचारण्यापूर्वी येशूने काय केले आणि कुणापुढे केले हे पाहावे, हा या पाठमालेच्या संपादकांनी घातलेला दंडक मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

उदाहरणादाखल क्षमेचा पाठ घेऊ. कारण ज्याचा दुरुपयोग सर्वांत अधिक झाला असा पाठ हाच असावा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्र विचारतो आणि येशू त्याला एका राजाची गोष्ट सांगतो. राजा आपल्या चाकरांचा हिशेब घेऊ लागतो. एकाकडे दहा हजार तालांत बाकी निघते. तालांत हे चांदीचे वजनी परिमाण, एकेका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ही बाकी सहा कोटी दीनारांची झाली, आणि वर्षाकाठी तीनशे दिवस राबणाऱ्या मजुराला ती फेडण्यास दोन लाख वर्षे लागली असती. योसेफस या यहुदी इतिहासकाराने हेरोद अंतिपाच्या गालील व पेरिया या दोन्ही प्रांतांचा वार्षिक वसूल दोनशे तालांत असा नोंदविला आहे; त्या हिशेबाने ही रक्कम त्या मुलखाच्या पन्नास वर्षांच्या वसुलाइतकी होते. ऐकणाऱ्या कोळ्या-कुणब्यांना असा आकडा ऐकून हसू फुटले असेल, आणि माझी समजूत अशी की ते फुटावे असाच सांगणाऱ्याचा हेतू होता. राजा सारे कर्ज सोडतो. हा चाकर बाहेर पडतो, आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी नरड्याला धरतो आणि तुरुंगात घालतो. शंभर दीनार म्हणजे काही थट्टा नव्हे, ती मजुराची तीन-चार महिन्यांची कमाई आहे. पण सोडलेल्या कर्जाचा तो सहा लाखावा हिस्सा आहे.

आता ही गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगितली जाते ते पाहावे. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला ती सांगितली जाते. वडिलार्जित जमिनीतून हुसकलेल्या धाकट्या भावाला सांगितली जाते. संस्थेतील अफरातफर उघडकीस आणणाऱ्या कारकुनाला सांगितली जाते. ज्याच्या हाती तुरुंगाची किल्ली आहे अशा मनुष्याविषयीची ही गोष्ट, ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या गळ्यात घातली जाते. आणि हे करणारे त्याच अध्यायातील त्याआधीच्या ओळी वगळतात. तेथे येशूने तक्रारीची एक स्पष्ट रीत घालून दिली आहे : भावाने अपराध केला तर प्रथम त्याच्याकडे जाऊन एकांतात त्याचा दोष त्याच्या पदरी घालावा, न ऐकेल तर एकदोन साक्षीदार न्यावेत, तरीही न ऐकेल तर मंडळीपुढे मांडावे. अपराध गिळून गप्प बसावे असे त्यात कोठेही नाही. इतकेच काय, प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असता एका शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा त्याने, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नसेन तर का मारतोस, अशा अर्थाचा जाब त्या शिपायाला विचारल्याचे योहानाने नमूद करून ठेवले आहे. दुसरा गाल पुढे करण्याच्या आज्ञेवर प्रवचन करणाऱ्याने या प्रसंगाचाही जवळच उल्लेख करावा, म्हणजे ऐकणाऱ्यावर अन्याय होणार नाही.

कर्जाची ही भाषा केवळ अलंकार म्हणून आली आहे असे समजणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळावा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तय ऋण सोडण्याविषयीच बोलतो, आणि ती प्रार्थना ज्यांनी प्रथम म्हटली त्यांच्या मुलखात ऋण ही जमीन गिळणारी गोष्ट होती. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे सातव्या वर्षी कर्जमाफी व्हावयाची. परंतु त्या भीतीने कोणी कर्जच देईना, म्हणून हिल्लेल या थोर शास्त्र्याने कर्जखत न्यायसभेच्या स्वाधीन करून त्या माफीतून सुटण्याची एक कायदेशीर तजवीज काढली. पुढे इसवी सन 66 मध्ये रोमविरुद्ध बंड उठले तेव्हा यरुशलेमेतील बंडवाल्यांनी प्रथम जे केले त्यात दफ्तरखान्याला आग लावून सावकारांची कर्जखते जाळणे हे एक होते, असे योसेफस सांगतो. मराठी वाचकाला ही हकीकत परकी वाटू नये. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी केली, ते लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले, आणि त्या दंग्यांतूनच पुढे 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीचा कायदा निघाला. ज्या नगर जिल्ह्यात हे घडले त्याच जिल्ह्यातील खेड्यांत त्याच काळात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या वाढत होत्या, आणि ऋण सोडण्याची ती प्रार्थना तेथे दर रविवारी मराठीतून म्हटली जात होती.

याच मंडळ्यांच्या संदर्भात वेठीच्या पाठाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मराठी ख्रिस्ती माणसाइतका तो पाठ फार थोड्यांच्या हाडामांसाशी भिडलेला असेल. रोमी शिपायाला वाटेत भेटलेल्या कोणत्याही प्रजाजनाच्या डोक्यावर आपले ओझे देण्याचा अधिकार असे. कुरेनेकर शिमोनाकडून वधस्तंभ वाहविला गेला तो याच अधिकारात. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की असा कोणी तुला एक कोस नेईल तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा. आता, नगरच्या आसपास ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ती माणसे बहुतांशी महार आणि मांग समाजांतील होती. सरकारी अंमलदारांचे सामान गावोगाव पोचविणे, सांगावे नेणे, वसुलाबरोबर चालत जाणे, मेलेली जनावरे ओढणे, ही महारकी त्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि तिच्याबद्दल मिळावयाचे ते वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, आणि ती कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास 1958 साल उजाडावे लागले. ज्याच्या आज्याने आणि पणज्याने एक कोसाची जागा कधीच दोन, चार आणि दहा कोसांनी भरून दिली आहे, त्याच्यापुढे उभे राहून दुसऱ्या कोसाचे माहात्म्य सांगणे हे धाडस म्हणावे की निर्लज्जपणा, याचा विचार सांगणाऱ्याने करावा.

मग हा पाठ रद्द समजावयाचा काय? मुळीच नाही. ज्या गालीलकरांना तो सांगितला गेला तेही वेठीस धरले जाणारेच होते, सांगणारा त्यांच्यातलाच होता, आणि पहिला कोस सक्तीचा असला तरी दुसरा कोस चालणाऱ्याच्या मर्जीचा, म्हणजे ओझे वाहणारा तेवढ्या अंतरापुरता का होईना स्वतःचा धनी, असे त्यातील मर्म काढणाऱ्या भाष्यकारांचे म्हणणे मला पटते. परंतु हे मर्म वेठीस धरलेल्यानेच काढावयाचे असते. त्याच्या वतीने ते दुसऱ्याने काढले की त्याचा हुकूम होतो. आणि ज्यांच्या वाट्याला आज ओझे देण्याची बाजू आली आहे, ज्यांच्या कचेरीत शिपाई साहेबाच्या घरची भाजी आणतो, ज्यांच्या शाळेतील तात्पुरत्या शिक्षिकेकडून रविवारी मंडळीची कामे बिनपगारी करवून घेतली जातात, त्यांना तर दुसऱ्या कोसाची नव्हे, पहिल्याच कोसाची चौकशी करावयाची आहे. आपल्या संस्था आणि आपल्या मंडळ्या या बाबतीत शुद्ध आहेत असे मी म्हणू शकत नाही.

विधवेच्या दोन दमड्यांविषयी थोडक्यात. ती दानाच्या रविवारची आवडती कथा आहे. तिने मंदिराच्या भांडारात टाकलेली दोन नाणी मिळून एका दीनाराचा चौसष्टावा हिस्सा भरे, आणि तेच तिचे सर्वस्व होते. परंतु मार्कच्या बाराव्या अध्यायात या प्रसंगाच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा येशूने केलेला निषेध आहे, आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही हे भाकीत आहे. अशा दोन वाक्यांच्या मध्ये उभी असलेली ही विधवा केवळ औदार्याचा कित्ता म्हणून उभी आहे, की ज्या व्यवस्थेने तिच्याजवळ दोनच दमड्या ठेवल्या तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणूनही, हे प्रत्येक मंडळीच्या खजिनदाराने आपल्या मनाशी ठरवावे. दानाची थाळी विधवेपुढे धरणाऱ्याने निदान मंडळीतील विधवांची यादी एकदा पाहिलेली असावी.

मार्था आणि मरीया यांच्या कथेविषयीही असेच. पाहुण्यांच्या सरबराईत गुंतून तक्रार करणाऱ्या मार्थेची कानउघाडणी पुरुष प्रवचनकारांनी इतक्यांदा केली आहे, आणि प्रवचनानंतर मार्थेनेच रांधलेले जेवण इतक्यांदा स्वस्थपणे जेवले आहे, की त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. त्या घरी येशूबरोबर शिष्यही उतरले असतील, आणि त्यांच्यापैकी कोणी चुलीपाशी गेल्याची नोंद नाही. तरी ज्याने पुढे स्वतः कमरेस रुमाल गुंडाळून त्याच शिष्यांचे पाय धुतले त्याचे नाव घेणाऱ्या पुरुषांना या दोन कथा एकत्र वाचण्यास हरकत नसावी.

आपली जागा अचूक ओळखणारा मनुष्य पाहावयाचा असेल तर तो यरीहोत भेटतो. यरीहो हे पेरियातून यरुशलेमेकडे येणाऱ्या वाटेवरील भरभराटीचे ठिकाण, तेथे जकातीचे उत्पन्न मोठे, आणि जक्कय तेथील मुख्य जकातदार. म्हणजे खालच्या नाकेदारांकडून वसूल घेणारा आणि त्यांच्या प्रत्येक जुलमात ज्याचा वाटा असे असा मनुष्य. येशू त्याच्या घरी उतरतो. जेवताना काय बोलणे झाले हे लूक सांगत नाही. उपदेशाचे एकही वाक्य त्याने नोंदविलेले नाही. तो फक्त जक्कयाचे निवेदन देतो, आणि त्या निवेदनात आकडे आहेत : निम्मी मालमत्ता दरिद्र्यांस, आणि ज्याच्याकडून अन्यायाने घेतले असेल त्यास चौपट. नियमशास्त्रात अशा अपराध्याने आपण होऊन कबुली दिली तर मुद्दल आणि वर एक पंचमांश एवढीच भरपाई सांगितली आहे. चौपट ही मेंढी चोरून विकणाऱ्याची शिक्षा. म्हणजे जक्कयाने स्वतःस हिशेबात चुकलेला अंमलदार न मानता चोर मानले, आणि कलमही आपणच लावून घेतले. मला हा सबंध बायबलातील अत्यंत व्यवहारी पश्चात्ताप वाटतो. आपल्याकडील साक्षी पुष्कळदा अश्रूंनी ओथंबलेल्या असतात आणि त्यांत रकमेचा उल्लेख नसतो.

पाणवठ्याचा प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला होता. भर दुपारी सूखार गावाजवळील याकोबाच्या विहिरीपाशी येशू थकून बसला आहे, त्याच्यापाशी पोहरा नाही, आणि पाणी भरावयास आलेल्या शमरोनी स्त्रीपाशी तो प्यावयास मागतो. यहुदी आणि शमरोनी यांचा व्यवहार नव्हता. भांड्याचा तर नव्हताच. येथे वरचढ समजल्या जाणाऱ्या जमातीचा पुरुष खालच्या समजल्या जाणाऱ्या जमातीच्या स्त्रीला काही देऊ करीत नाही, प्रथम तिच्या हातचे मागतो. आणि स्पर्शास्पर्शाच्या जगात देण्यापेक्षा घेणे कितीतरी कठीण असते हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना ओंजळभर पाणी उचलण्यासाठी एकत्र जावे लागले, तो हाच प्रश्न होता. ख्रिस्ती समाज या प्रश्नातून सुटला आहे असे मानण्याची एक गोड सवय आपल्याला आहे. गोव्यात बामण, चारडो आणि सुदिर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले गेले नाहीत, आणि देशावरील मंडळ्यांत पूर्वाश्रमीची जात चर्चच्या बाकावर दिसत नसली तरी सोयरीक जुळविताना हटकून आठवते. प्रभुभोजनाचा प्याला सर्वांनी एकत्र घ्यावा आणि मुलगी मात्र आपल्यातच द्यावी, या व्यवस्थेला या पाठाच्या उजेडात काय म्हणावे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा मुलांदेखत मोठ्याने बोलून पाहावे.

लक्ष्मीबाई टिळकांनी या बाबतीत आपल्याला एक निर्भीड दाखला देऊन ठेवला आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे लगेच सुटले नाही. आणि ते कसे सुटत गेले याची हकीकत 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी जशी घडली तशी, स्वतःस हसत हसत सांगितली आहे. तीत एखाद्या दिव्य क्षणाचा आव नाही. चूल, घागर, ताट, पाहुणा अशा एकेका गोष्टीपाशी त्या अडतात, चिडतात, विचार करतात आणि एक पाऊल पुढे टाकतात. पाठ जीवनास लागतो तो असा, याचे याहून सुंदर वर्णन मराठीत मला ठाऊक नाही. पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी आणलेल्या निराश्रित मुली केडगावास आल्या तेव्हा त्यांच्यासाठी छपरे घालणे, विहिरी खणणे, धान्य भरणे हे आधी करावे लागले. पुढे तेथे उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात माग चालले, तेलघाणा चालला, छापखाना चालला, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापले जाऊन, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1924 साली पूर्ण प्रसिद्ध झाले. भुकेल्यास अन्न देण्याची आज्ञा आणि शास्त्र वाचण्याची आज्ञा या दोन वेगळ्या आज्ञा आहेत असे त्या आवारात कुणाला वाटले नसावे.

हे दाखले मोठे आहेत म्हणून वाचकाने दबून जाऊ नये. येशूच्या पाठांपैकी पुष्कळसे फार लहान अंतरात करावयाचे आहेत, मात्र ते अंतर नेमके तेच असते जे चालावयास पाय उचलत नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जा आणि समेट कर, असे तो सांगतो. ऐकणारे गालीलचे, वेदी यरुशलेमेत, मध्ये पायी तीन दिवसांची वाट. म्हणजे जनावर वेदीपुढे बांधलेले, याजक खोळंबलेला, आणि हा गृहस्थ गावी जाऊन भाऊबंदकी मिटवून सात-आठ दिवसांनी परत येणार! उपासनेची एवढी गैरसोय येशूला चालत होती. आपल्याकडे उपासना वेळेवर आटोपते, आणि मंडळीच्या मिळकतीचे दावे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहतात.

पाठमाला कशी वापरावी याविषयी दोन शब्द लिहिणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. प्रत्येक पाठाचा उतारा संपादकांनी दिला आहे तेवढाच न वाचता त्याच्या मागचा आणि पुढचा भाग बायबलमधून मोठ्याने वाचावा. विधवेच्या कथेत आपण पाहिले त्याप्रमाणे पुष्कळदा अर्थाची किल्ली शेजारच्या परिच्छेदात असते. त्यानंतर, या कथेत मी कोण, हा प्रश्न घरातील प्रत्येकाने स्वतःपुरता सोडवावा, आणि दुसऱ्याची जागा दाखवून देण्याचा मोह सर्वांनी, विशेषतः वडिलांनी आणि पाळकांनी, आवरावा. जे करावयाचे ठरेल ते नेमके असावे; कुणाकडे जावयाचे, कोणती रक्कम, कोणता दिवस. सर्वांवर प्रीती करण्याचा संकल्प मोडल्याचे कधीच लक्षात येत नाही; बुधवारी अमक्याकडे जाण्याचा संकल्प मोडला तर गुरुवारी सकाळी कळते. पाठ मोजके आहेत म्हणून एकापाठोपाठ एक वाचून संपवू नयेत. एखादा पाठ लागू पडावयास महिना लागला तर लागू द्यावा. तोवर पुढचा वाचला नाही म्हणून काही बिघडत नाही.

भाषेविषयी सांगावयाचे तर संपादकांनी उपदेशकी वळण शक्य तेथे टाळले आहे. काही पाठांतील प्रश्न टोकदार झाले आहेत, आणि त्यांपैकी एकदोन मंडळीच्या पंचांना आवडणार नाहीत. ते बोथट करावेत अशी सूचना कुणी केलीच तर संपादकांनी ती मानू नये असे माझे मत आहे.

पहिला पाठ मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मालकावर घेतला आहे. त्या मालकाच्या औदार्यावर, म्हणजे तासभर राबलेल्यालाही त्याने दिलेल्या पूर्ण दिवसाच्या मजुरीवर, पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या औदार्याच्या आधी त्याने नियमशास्त्रातील एक साधा नियम पाळला, तो असा की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवावयाची नाही, आणि म्हणून दिवस मावळताच त्याने कारभाऱ्यास वाटप करण्यास फर्माविले. वाचकांनी हा पाठ उघडण्यापूर्वी घरातील आणि मंडळीतील देण्याघेण्याची वही उघडावी, मोलकरीण, गवंडी, माळी, रोजंदार, तात्पुरता शिक्षक यांपैकी ज्यांचे काही थकले असेल त्यांची नावे आणि रकमा एका कागदावर लिहाव्यात, आणि दुसरा पाठ सुरू करण्याच्या आत त्या चुकत्या कराव्यात, एवढी माझी त्यांना विनंती आहे.